किडनी काढून तेरा वर्षं झाली, मग मानेतली ही गाठ कुठली?

कराडात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. पाटण, इस्लामपूर, विटा या बाजूंनी फॉर्मॅलिनच्या बाटल्या येतात. बाटलीत गाठ असते आणि बाटलीभोवती रबर लावून गुंडाळलेला फॉर्म असतो. फॉर्मवर रुग्णाची माहिती लिहायला चार ओळींची जागा ठेवली आहे. त्या चार ओळींत बहुतेक वेळा एकच शब्द असतो, 'गाठ'. गाठ आहे हे मला बाटलीत दिसतंच की.

२००९ साली अशीच थायरॉइडची उजवी बाजू आली. बाई साठीच्या. मी स्लाइड पाहिली, पेशी पांढऱ्या, पोकळ दिसत होत्या. 'फॉलिक्युलर अडेनोमा, क्लिअर सेल बदलासह', म्हणजे पेशी पांढऱ्या पण गाठ थायरॉइडचीच आणि साधी, असा रिपोर्ट दिला आणि विसरून गेले. दहा महिन्यांनी टाळूवरचा एक लालभडक फोड आला. केस विंचरताना फणी लागून रक्त यायचं, थांबायचंच नाही. सर्जनने 'पायोजेनिक ग्रॅन्युलोमा?', म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा फोड, असं लिहिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पांढऱ्या पेशी. नाव ओळखीचं वाटलं म्हणून जुनी थायरॉइडची स्लाइड कपाटातून काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या, आणि पोटात खड्डा पडला. दोन्ही स्लाइडवर एकच आजार होता. तो थायरॉइडचाही नव्हता आणि टाळूचाही नव्हता.

घरी फोन केला तर मुलीने उचलला. "हो मॅडम, आईची डावी किडनी काढलीय, तेरा वर्षं झाली. पण तिला काही बोलू नका हं, तिला आम्ही मुतखडा म्हणून सांगितलंय."

दोन्ही गाठी त्या काढलेल्या किडनीच्या कॅन्सरच्या होत्या. चूक माझी होती. फोन मी पहिल्याच वेळी करायला हवा होता. तेव्हापासून अशा गाठी मी कशा तपासते ते इथे लिहिते आहे. गावोगावच्या जनरल प्रॅक्टिसमधल्या डॉक्टरांसाठी आणि नव्याने रिपोर्टिंगला बसलेल्या मुलामुलींसाठी हे आहे. घरात कुणाची किडनी कॅन्सरसाठी काढलेली असेल तर घरच्यांनीही वाचावं. मात्र घरी बसून निदान करण्यासाठी नाही, डॉक्टरांना काय सांगायचं ते कळावं म्हणून.

आधी हा आजार असा का वागतो ते

किडनीच्या कॅन्सरचे प्रकार बरेच. त्यातला क्लिअर सेल प्रकार शंभरात सुमारे पंचाहत्तर जणांना होतो आणि या लेखातला उपद्रव मुख्यतः त्याचाच. यात बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं जनुक निकामी झालेलं असतं. ते १९९३ साली सापडलं. शरीराला ऑक्सिजन कमी पडला की नव्या रक्तवाहिन्या काढा असा निरोप जातो, आणि व्हीएचएल त्या निरोपावर झाकण ठेवतं. हे झाकणच गेलं की पेशी सतत रक्तवाहिन्या मागत राहतात. (पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, याच शोधाला २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.) म्हणून ही गाठ कुठेही गेली तरी रक्ताने भरलेली असते. हे लक्षात ठेवा, सुई टोचताना उपयोगी पडेल.

किडनी काढल्यावर दहा वर्षं काही झालं नाही की लोक पेढे वाटतात. वाटू देत. पण त्या दहा वर्षं ठणठणीत असलेल्यांतही शंभरात साधारण पाच ते दहा जणांना हा आजार पुन्हा गाठतो. वीस वर्षांनी आलेल्या केसही नोंदल्या गेल्या आहेत. फुप्फुस, हाडं, लिव्हर, मेंदू, अड्रिनल (किडनीच्या डोक्यावरची ग्रंथी) ही त्याची नेहमीची ठिकाणं, तिथे शंका लगेच येते. अडचण होते ती थायरॉइड, स्वादुपिंड, नाक, हिरडी, टाळूची कातडी, कानाखालची लाळेची गाठ, पित्ताशय, लहान आतडं, योनीमार्ग अशा जागी. तिथे किडनी कुणाच्या डोक्यातच येत नाही.

रक्त फुप्फुसातून गाळून जातं, मग फुप्फुस साफ असताना गाठ टाळूवर कशी? मणक्याभोवती शिरांचं एक जाळं आहे. त्यांना झडपा नाहीत, त्यामुळे खोकलं, कुंथलं की त्यातलं रक्त उलटं वर सरकू शकतं. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये ते दाखवलं. योनीमार्गातल्या गाठी डाव्या किडनीतून जास्त येतात, कारण डाव्या बीजांडकोशाची शीर थेट डाव्या किडनीच्या शिरेला मिळते. म्हणून फुप्फुसाचा एक्स-रे स्वच्छ आहे एवढ्यावर ही शक्यता खोडू नका.

विचारायचं कसं

अर्धं निदान इथे होतं, आणि वाया जातं तेही इथेच.

"कॅन्सर झाला होता का?" असं विचारू नका. उत्तर 'नाही' येईल, आणि सांगणारा खोटं बोलत नसेल. आपल्याकडे घरचे लोक रुग्णाला सांगत नाहीत. किडनी 'सडली होती', 'खराब झाली होती', 'त्यात खडा अडकला होता', 'पाणी भरलं होतं', असं सांगितलेलं असतं. खरं ठाऊक असतं थोरल्या मुलाला, आणि तो आता चाकणला कंपनीत असतो.

म्हणून असं विचारा: "मावशी, आजवर अंगावर कुठे कुठे टाके पडलेत? पोटातलं काही काढलंय का? कधी? तेव्हा घरात कोण काय करत होतं?" साल आठवत नाही, पण 'धाकटीचं लग्न झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात' हे आठवतं. मग स्वतः पाहा. पातळाचा पदर बाजूला करायला लावून कूस पाहा, दोन्ही बाजूंची. कुशीतून तिरका पुढे आलेला वीतभर व्रण हा किडनीच्या जुन्या ऑपरेशनचा असतो. दुर्बिणीतून केलेलं असेल तर चार-पाच बारीक ठिपके आणि बेंबीखाली किंवा कुशीत एक मोठा छेद असतो, किडनी तिथून बाहेर काढलेली. मुतखड्यासाठीही कुशीत व्रण येतो, तेव्हा व्रणावरून निकाल देऊ नका. फक्त सोनोग्राफी करून दोन्ही किडन्या जागेवर आहेत का ते मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. एकच असेल तर दुसरी का गेली, हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

मग घरच्यांना बाजूला घेऊन विचारा. रुग्णासमोर विचारलंत तर ते तुमच्याकडे पाहून डोळे मिचकावतील आणि खोटं सांगतील.

कागद शोधायला लावा. डिस्चार्ज कार्ड असतं, पण त्यावर नुसतं 'नेफ्रेक्टॉमी' (किडनी काढली) लिहिलेलं असतं. हवा असतो तो हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या किडनीच्या तपासणीचा कागद. एक युक्ती सांगते: घरात कुणी सरकारी नोकर, शिक्षक, एसटीतला होता का विचारा. असेल तर वैद्यकीय बिल मंजुरीची फाइल कुठेतरी असतेच, आणि त्यात झाडून सगळ्या कागदांच्या सही-शिक्क्याच्या झेरॉक्स असतात. आमच्या त्या बाईंचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. फाइल चोवीस तासांत आली, आत रिपोर्ट कोरा करकरीत.

जुन्या कागदावर 'हायपरनेफ्रोमा' किंवा 'ग्रॅविट्झ ट्यूमर' असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. पॉल ग्रॅविट्झ यांनी १८८३ मध्ये या गाठी अड्रिनलच्या भरकटलेल्या तुकड्यांतून येतात असं मांडलं होतं. ते चुकीचं ठरलं, पण नाव आपल्या जुन्या सरांच्या तोंडी फार वर्षं राहिलं. अर्थ किडनीचा कॅन्सरच.

रिपोर्टवर लॅबचं नाव असेल तर तिथे पत्र टाका आणि जुना पॅराफिन ब्लॉक मागा. मेणात बसवलेला तुकडा वीस वर्षांनीही उत्तम कापला जातो.

कुठे काय दिसतं

थायरॉइडपासून सुरुवात करते, कारण तिथे मी पडले आहे. बाहेरून थायरॉइडमध्ये येऊन डॉक्टरांच्या हाताला लागणाऱ्या गाठींत किडनीचा नंबर पहिला. सुईने तपासलं की बहुतेक वेळा नुसतं रक्त येतं आणि रिपोर्ट 'अपुरा नमुना' असा जातो. ज्याची किडनी गेलेली आहे, त्याच्या थायरॉइडमधून दोनदा नुसतं रक्त आलं, तर ती माहितीच आहे असं समजा. ऑपरेशननंतर गाठ कापली तर आतून ती हळदीसारखी पिवळी-केशरी, मध्ये रक्ताचे काळपट डाग. थायरॉइडची स्वतःची गाठ सहसा अशी दिसत नाही. मला तो रंग दिसला होता. माझ्या वहीत 'यलोइश' लिहिलेलं आहे, त्याच्यापुढे काही नाही.

स्वादुपिंडातही तेच, बाहेरून येणाऱ्यांत किडनीच पुढे, आणि येते तीही सावकाश, बरेचदा दहा वर्षं उलटल्यावर. कावीळ वगैरे नसते. गॅसेस होतात म्हणून सोनोग्राफी केली आणि गाठ दिसली, असं होतं. सीटी करताना रेडिओलॉजिस्टला आवर्जून सांगा की जुना किडनीचा आजार आहे, आर्टेरियल फेज घ्या. इंजेक्शननंतर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास ही गाठ दिव्यासारखी उजळते. नंतरच्या फेजमध्ये ती आजूबाजूच्या स्वादुपिंडात मिसळून जाते आणि सुटते. आता गंमत अशी की स्वादुपिंडाची न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) गाठही अशीच उजळते. त्यावर कुणी गॅलियम डोटाटेट पेट (न्यूरोएंडोक्राइन गाठी उजळवणारा स्कॅन) सुचवतात. सावध राहा: किडनीच्या गाठीही त्या स्कॅनमध्ये चमकू शकतात. इथे तुकड्याशिवाय निकाल नाही. एंडोस्कोपिक सोनोग्राफीने जाड सुईचा तुकडा मिळाला तर उत्तम.

नाक. साठीच्या माणसाचा एकाच नाकपुडीतून वारंवार घोळणा फुटतो, बीपी नीट आहे, आत लालसर गोळा दिसतो. या गोळ्याचा तुकडा ओपीडीत, खुर्चीवर बसवून कधीच घेऊ नये. रक्त आवरत नाही. आधी स्कॅन, मग थिएटरमध्ये, आणि गोळा मोठा असेल तर आधी त्याच्या रक्तवाहिनीचं एम्बोलायझेशन, म्हणजे ती आतून बंद करणं. हे कान-नाक-घशाचे डॉक्टर जाणतात, पण किडनी काढलेली आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हिरडी, जीभ, डोक्याची कातडी: लालभडक, ओलसर, हात लावला की रक्त, आठवड्यांत वाढणारं. 'रक्ताची गाठ' म्हणून जाळून टाकू नका. जे कापाल ते बाटलीत घाला. कानाखाली, गालफुगी येते त्या जागेची गाठ. पाळी गेल्यावर अंगावरून जाणारं रक्त. काळी शी आणि खालावलेलं हिमोग्लोबिन, दुर्बिणीने जठर आणि मोठं आतडं साफ: याही ठिकाणी कुशीतला व्रण आठवावा. बाकीच्या जागा सांगत बसत नाही, पुस्तकात यादी लांब आहे आणि यादी पाठ करून कुणाला निदान झालेलं मी पाहिलेलं नाही.

स्कॅनबद्दल आणखी दोन गोष्टी. एकच किडनी असलेल्याला कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिन पाहा, आणि पुढचे एक-दोन दिवस दुखण्याच्या गोळ्या बंद. दुसरं, नेहमीच्या साखरेच्या पेट स्कॅनवर विसंबू नका. या आजाराच्या काही गाठी ती साखर फारशी खातच नाहीत. स्कॅन थंड आला म्हणजे गाठ साधी, असं होत नाही. हाडांच्या आयसोटोप स्कॅनचंही तसंच: हाड नुसतं पोखरलेलं असेल तर तो फसवतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

पेशींत चरबी आणि ग्लायकोजेन भरलेलं असतं. प्रोसेसिंगच्या अल्कोहोल-झायलीनमध्ये चरबी धुऊन जाते आणि मागे पांढरी, रिकामी खोली उरते. अशा पेशींचे पुंजके, आणि प्रत्येक पुंजक्याला बारीक केशवाहिन्यांचं कुंपण. मध्येमध्ये रक्ताची तळी. पांढऱ्या पेशी थायरॉइड, लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी, अड्रिनल, बीजांडकोश सगळीकडे मिळतात, पण ते कुंपण पाहायला शिका. स्लाइड लहान भिंगावर आधी पाहा, मोठ्या भिंगावर घाई करू नका.

मग इम्युनो, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं (मार्कर) रंगवून पेशी कुठली ते ओळखणं. आमच्याकडे हे पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं आणि पैसे रुग्णाच्या खिशातून जातात, म्हणून बारा मार्कर मागवणं मला पाप वाटतं. चार-पाच नीट निवडा. आणि टेक्निशियनला पहिल्याच कापाला सांगा: कोटिंग केलेल्या स्लाइडवर आठ-दहा कोरे काप आत्ताच घेऊन ठेव. ब्लॉक पुन्हा पुन्हा मशीनवर चढवला की दर वेळी पातळी जुळवताना तुकडा झिजतो. नाकातल्या दोन मिलिमीटरच्या तुकड्याला दुसरी संधी नसते.

पॅक्स-८ आणि सीए-९ ही माझी पहिली जोडी. पॅक्स-८ केंद्रकात उठतं, सीए-९ पेशीच्या भिंतीवर. पण पॅक्स-८ थायरॉइडमध्येही उठतं, गर्भाशय-बीजांडकोशाच्या गाठींतही उठतं. म्हणजे जिथे मला सर्वांत जास्त गरज, तिथेच ते निरुपयोगी. थायरॉइडमध्ये टीटीएफ-१ आणि थायरोग्लोब्युलिन हे थायरॉइडचे मार्कर जोडा, किडनीच्या पेशींत दोन्ही नसतात. तरी एक खड्डा राहतोच: आजूबाजूच्या थायरॉइडमधलं थायरोग्लोब्युलिन झिरपून परक्या पेशींवर बसतं आणि खोटा रंग दाखवतं. टीटीएफ-१ केंद्रकातलं असल्याने असं झिरपत नाही. दोघांत भांडण झालं तर मी टीटीएफ-१ चं ऐकते. सीए-९ चाही माज करू नका. ते मेलेल्या भागाच्या कडेला कुठल्याही गाठीत उठतं, पित्ताशयाच्या निरोगी अस्तरातही असतं. सगळ्या पेशींना, चारी भिंतींनी, ठळक रंग असेल तरच त्याला वजन.

स्वादुपिंडात सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन हे न्यूरोएंडोक्राइन मार्कर घ्याच. पॅक्स-८ च्या काही जुन्या पॉलिक्लोनल अँटिबॉडी न्यूरोएंडोक्राइन पेशींनाही रंगवतात, तेव्हा लॅबला कुठली वापरली ते विचारा. अड्रिनलमध्ये इनहिबिन आणि मेलान-ए, लाळग्रंथीत पी-६३, बीजांडकोशात नॅप्सिन-ए. रुग्ण तरुण असेल, घरात आणखी कुणाला किडनीच्या, मेंदूच्या, डोळ्याच्या गाठी झाल्या असतील तर व्हीएचएल जनुक वंशानेच बिघडलेलं घराणं आहे का ते पाहा. अशा माणसाच्या स्वादुपिंडात स्वतःच्या पांढऱ्या पेशींच्या गाठी होतात, लहान मेंदूत हिमँजिओब्लास्टोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) होतो, आणि या दोन्ही गाठी किडनीच्या गाठीची हुबेहूब नक्कल करतात.

शेवटी जुनी स्लाइड शेजारी ठेवून पाहा. माझ्या मते कुठल्याही मार्करहून ही तुलना मोलाची आहे, आणि तिला खर्च कुरिअरचा.

उलट बाजूनेही फसायला होतं. किडनी गेलेल्या माणसाची प्रत्येक गाठ किडनीचीच नसते. त्याला थायरॉइडचा साधा पॅपिलरी कॅन्सर होऊ शकतो, साधी गलगंडाची गाठही. एकदा तर थायरॉइडच्या जुन्या अडेनोमाच्या पोटातच किडनीच्या पेशी शिरून बसलेल्या पाहिल्या, दोन गाठी एकाच कवचात. आणि कधी कधी इतिहास खरोखरच कोरा असतो, दोन्ही किडन्या जागेवर, आणि गाठ मात्र किडनीची. तेव्हा मूळ आजार अजून पोटातच आहे, सीटी करा.

रिपोर्ट काय लिहायचा, आणि घरी काय सांगायचं

मी असं लिहिते: 'क्लिअर सेल कार्सिनोमा. रचना आणि मार्कर किडनीतल्या मूळ आजाराशी जुळतात. जुनी स्लाइड तुलनेसाठी पाहिली.' नसेल पाहिली तर तेही लिहिते. पुढे छाती आणि पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, उरलेल्या किडनीवर खास नजर (तिथेही नवी गाठ असू शकते), डोकेदुखी किंवा झटके असतील तर मेंदूचा एमआरआय, आणि रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, कॅल्शियम.

'पसरला' हा शब्द ऐकून घरचे लोक शेतजमीन विकायची का हे विचारू लागतात. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा: किती वर्षांनी आला यावर बरंच अवलंबून असतं. मूळ निदानापासून एक वर्षाच्या आत औषधांची गरज पडली तर ते वाईट लक्षण धरतात. दहा-पंधरा वर्षांनी आलेला आजार त्या मोजपट्टीवर बऱ्या बाजूला बसतो. एकटीच गाठ असेल आणि निघण्यासारखी असेल तर ती काढतात, आणि स्वादुपिंडातली गाठ काढलेली माणसं पुढे बरीच वर्षं जगलेली आहेत. अनेक ठिकाणी असेल तर रक्तवाहिन्या रोखणाऱ्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी आहे. कुणाला काय, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

किडनी काढून पाच वर्षं झाली की तपासण्या बहुधा सुटतात. माझा आग्रह असा की वर्षातून एकदा क्रिएटिनिन, सोनोग्राफी आणि छातीचा फोटो सोडू नये, आणि नवीन कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य किडनीचं असावं. मुतखड्याचं नाव घेऊन ठेवलेलं असेल तर निदान डॉक्टरला तरी खरं सांगा.

त्या बाई गोळ्यांवर सहा वर्षं होत्या. मुलगी दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला घेऊन यायची, आणि आईला बाकावर बसवून मला आत येऊन हळूच विचारायची. २०१० मध्येच मी आमचा फॉर्म बदलला. 'अंगावर ऑपरेशनचा व्रण कुठे, कोणत्या सालचा, काय काढलं?' असा रकाना ठळक अक्षरात घातला. तो कोरा आला की टेक्निशियन बाटली बाजूला ठेवतो आणि फोन लावतो. सर्जन वैतागतात, "गाठ गळ्याची आहे, तुम्हाला पोटाचं काय करायचंय?" म्हणतात. तो पाठ केलेलं उत्तर देतो, "मॅडमनी विचारायला सांगितलंय," आणि पेन हातात धरून थांबतो.